प्रभाग क्रमांक चारमधून

तालुक्याच्या गावी राहून जिल्हा दैनिकाला बातम्या पाठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मंत्री, आमदार कधीमधी येऊन जात. रोजचा संबंध नगरपालिकेशी. महाराष्ट्रात १ लाखाच्या वर लोकवस्ती असली की नगरपरिषद 'अ' वर्गाची, ४०,००० ते १ लाख असली तर 'ब' वर्गाची आणि त्याखालची 'क' वर्गाची. आमची 'क'. अशा गावाच्या कारभारावर पुस्तकं निघत नाहीत आणि वाहिन्यांच्या गाड्या येतात त्या निकालाच्या दिवशी. पण नळाला पाणी किती वाजता येणार, हे जिथे ठरतं त्या सभागृहाइतकं लक्ष देऊन बघावं असं दुसरं ठिकाण मला सापडलेलं नाही. तिथे बसून जे उमगत गेलं, ते लिहून ठेवतो आहे.

१. निवडणुकीतला सगळ्यात मोठा निर्णय उमेदवार ठरायच्या कितीतरी आधी होतो. तो म्हणजे प्रारूप प्रभाग रचना. नगरपालिकेच्या फलकावर नकाशा लागतो, सोबत प्रत्येक प्रभागाची व्याप्ती आणि चतुःसीमा. उत्तरेला अमका रस्ता, पूर्वेला ओढा, दक्षिणेला शाळेची भिंत. रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्येकडून पूर्वेला यायचं, पश्चिमेकडे सरकत दक्षिणेत संपवायचं, असा दंडक आहे. जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही. नदी, नाला, रेल्वेमार्ग, मोठे रस्ते यांच्या हद्दी धरायच्या. आणि प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के इकडे-तिकडे, त्याहून जास्त फरक नको. समजा १७,००० वस्तीच्या गावात १७ प्रभाग आहेत. तर सरासरी १,००० आणि मुभा ९०० ते १,१०० एवढीच. कागदावर हे सगळं निव्वळ गणित दिसतं. पण ती रेघ कुंभारआळीच्या कोणत्या टोकाला वळते, यावर कुणाचं पारडं जड होणार आणि कोणत्या वस्तीचा आवाज दोन ठिकाणी वाटला जाणार हे ठरून जातं. हरकती आणि सूचनांसाठी मोजके दिवस असतात. एका वेळच्या सुनावणीला ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका आल्या होत्या. प्रारूपात त्यांची घरं अलीकडच्या प्रभागाला जोडली होती, आणि पावसाळ्यात मधला फरशी पूल पाण्याखाली जातो. भाषण कुणीच केलं नाही. एकीने नकाशावर ओढ्यावर बोट ठेवलं आणि नैसर्गिक हद्दीचा नियम अधिकाऱ्यांनाच वाचायला सांगितला. हरकत मान्य झाली. पुढाऱ्यांच्या लांबलचक हरकती फेटाळल्या गेल्या त्याच दुपारी ही मान्य झाली, आणि नियम हा दुबळ्याच्याही हातात येऊ शकतो हे मला तिथे दिसलं.

२. एका प्रभागात दोन गावं राहतात: मोजलेलं गाव आणि असलेलं गाव. प्रभाग पाडले जातात जनगणनेच्या लोकसंख्येवर, म्हणजे २०२५ च्या निवडणुकीलाही आधार २०११ चाच. मतदार यादी मात्र १ जुलै २०२५ ची. या दोन तारखांच्या मध्ये गाव कुठल्या कुठे गेलं. जुन्या गावठाणात वाड्यांना कुलपं लागली, मुलं पुण्याला आणि नाशिकला स्थिरावली. बायपासच्या बाजूला, जिथे २०११ मध्ये बिनशेतीच्या प्लॉटवर नुसते दगड रोवलेले होते, तिथे आज बंगल्यांच्या रांगा आहेत. त्यामुळे लोकसंख्येच्या रकान्यात जवळपास सारखे असलेले प्रभाग मतदारांच्या रकान्यात अगदी विषम निघाले. नव्या वसाहतीतल्या माणसाचं मत त्यामुळे हलकं होतं. तो कर भरतो, रस्ता मागतो, पण त्याच्या वाट्याचा नगरसेवक त्याला मिळालेला नसतो. घरोघर जाऊन शिरगणती करणाऱ्या शिक्षकांच्या कामाकडे मी तेव्हापासून आदराने बघतो. त्यांच्या यादीत एखादी गल्ली सुटली, तर ती पुढची कितीतरी वर्षं सुटलेलीच राहते.

३. आरक्षणाच्या सोडतीइतकं नाट्य मतदानाच्या दिवशीही नसतं. सभागृह खचाखच भरतं. टेबलावर पारदर्शक डबा, त्यात सारख्या घडीच्या चिठ्ठ्या आणि चिठ्ठी काढायला गणवेशातली शाळकरी मुलं. अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा चिठ्ठीने ठरत नाहीत. जिथे त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण जास्त, तिथून उतरत्या क्रमाने त्या जातात. नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या आणि महिलांच्या जागांसाठी मुलांचे हात डब्यात जातात. चिठ्ठी वाचली गेली की कुणी उठून बाहेर जातं, कुणाच्या घरी फोन जातो.

७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एकतृतीयांश जागा महिलांना दिल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला सभागृहाबाहेर बाकावर नवरे बसलेले असत, हे खरं आहे. ते आजही पूर्ण संपलेलं नाही. पण मी एक बाई पाहिल्या. पहिलं वर्ष त्या गप्प होत्या. नंतर एका सभेत त्यांनी पाण्याच्या टँकरच्या खेपांची नोंदवही मागितली. नोंदवहीतल्या खेपा आणि डिझेलची बिलं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली, आणि सभागृहातला आवाज खाली आला. त्या दिवसापासून टँकरच्या प्रत्येक खेपेवर वस्तीतल्या कुणाची तरी सही घ्यायची पद्धत पडली. पुढच्या निवडणुकीत त्यांचा प्रभाग फिरत्या आरक्षणात दुसऱ्या प्रवर्गाकडे गेला आणि त्या घरी बसल्या. आरक्षण नसतं तर त्या आल्याच नसत्या. आरक्षण फिरतं नसतं तर त्या राहिल्या असत्या. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत आणि त्यांची सांगड कशी घालावी हे मला अजून सुचलेलं नाही. सहीची पद्धत मात्र चालू आहे.

४. दोन सदस्यांचा प्रभाग लोकांना पटतही नाही आणि सोडवतही नाही. नगरपंचायतीत एका प्रभागाचा एक सदस्य. नगरपरिषदेत सध्या साधारणपणे दोन, 'अ' जागेचा आणि 'ब' जागेचा. दोघंही अख्ख्या प्रभागाचे. मतदाराने दोन्ही जागांसाठी एकेक आणि नगराध्यक्षासाठी एक अशी तीन मतं द्यायची. गटार तुंबलं की एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, ही तक्रार घरोघर ऐकू येते. पण एका आजींनी मला दुसरी बाजू सांगितली: "एकाशी आमच्या घरचं वाकडं आहे रे बाळा, म्हणून दुसऱ्याकडं जाता तरी येतं." लहान गावात भाऊबंदकी, जुनी भांडणं, न झालेली सोयरीक असं सगळं नगरसेवकाच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं असतं. तिथे दुसरं दार उघडं असणं ही सोय आहे, हे कायदा करणाऱ्यांच्या मनात असेल-नसेल. आजींना ते कळलेलं होतं.

५. नगराध्यक्ष कुणी निवडायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने कधी मिटू दिला नाही. २०१६ ला थेट जनतेतून. २०२० मध्ये कायदा बदलून पुन्हा नगरसेवकांमधून. २०२२ मध्ये परत जनतेतून. सत्ता बदलली की पद्धत बदलते. नगरसेवकांनी निवडायचा असतो तेव्हा निकालानंतर आठ-दहा जण एकदम 'सहलीला' जातात, फोन लागत नाहीत, घरचेही सांगत नाहीत. थेट निवडून आला की सहल थांबते, पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं होऊ शकतं. आमच्याकडे तसंच झालं, आणि पाच वर्षं प्रत्येक विषयावर मतविभागणी झाली. तरीही मला थेट निवड बरी वाटते, कारण गावाला निदान कळतं की आपण कुणाला कौल दिला. खरी हानी मात्र सारख्या बदलाने होते. नगरसेवकाने कुणाचं ऐकावं, अध्यक्षाने कुणाला जपावं, याच्या सवयी मुरायला वेळ लागतो. कोणतीही एक पद्धत दोन-तीन निवडणुका टिकू द्यावी, एवढंच माझं मागणं आहे.

६. सभेचा जीव विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत असतो. क्रमांक घातलेले विषय सूचक-अनुमोदकांची नावं घेत भराभर मंजूर होतात. शेवटी येते ती ओळ: 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. तोवर बरेच जण चहाला उठलेले असतात, वार्ताहरही. भूखंडाचा वापर बदलणं, एखाद्या कामाची वाढीव किंमत, असं काय काय त्या ओळीखालून जातं. म्हणून मी शेवटपर्यंत बसतो आणि पुढच्या सभेआधी इतिवृत्त वाचतो. बोललं गेलं काय आणि लिहिलं गेलं काय, हे ताडून बघायला दुसरं साधन नाही. सभेने ठराव केला म्हणजे काम झालं असंही नाही. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची, तो राज्य सरकारचा माणूस, बदलीवर आलेला आणि बदलीवर जाणारा. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी रोखू शकतात. निवडून आलेला आणि नेमलेला, या दोघांच्या ओढाताणीतच नगरपालिका चालते. दोघांपैकी एकजण पूर्ण गप्प झाला की मला काळजी वाटू लागते.

७. पैशाचं थोडक्यात. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि नाक्यावरची झोपडी ओस पडली. त्याबरोबर गावाचा स्वतःचा रोजचा पैसाही गेला. आता घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी आणि बाकी सगळं शासनाच्या अनुदानावर. अनुदान ज्या कामासाठी येतं तेच काम गावाला हवं आहे, असं ठरून जातं. घरपट्टी वाढवायचं धाडस कुणी करत नाही, आणि ज्या गावाचा पैसा स्वतःचा नाही त्या गावाला अग्रक्रमही स्वतःचा ठरवता येत नाही.

८. नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय चीज असते, हे मला महाडने शिकवलं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या, हे शाळेत वाचलेलं असतं. पण त्यानंतर ५ जानेवारी १९२४ ला महाड नगरपालिकेने स्वतःचा ठराव केला आणि चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस त्या नगरपालिकेचे पुढारी. म्हणजे एका छोट्या गावच्या सभागृहात माणसं बसली, कुणी सूचना मांडली, कुणी अनुमोदन दिलं, आणि हजारो वर्षांच्या बंदीवर कागदोपत्री रेघ मारली गेली. पण तीन वर्षं त्या ठरावाने कुणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परतणाऱ्यांवर हल्ले झाले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला.

आमच्या सभागृहात एखादा ठराव एकमताने संमत होतो तेव्हा मला हा क्रम आठवतो. ठराव होणं, तो पाळला जाणं आणि तो टिकणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीवर वेगळी माणसं लागतात. १९२४ च्या त्या सभासदांचं मोल मी कमी मानत नाही. त्यांनी ठराव केला नसता तर हक्काला कागद उरला नसता. पण कागदाला पाय फुटले ते तळ्यावर चालत गेलेल्या माणसांमुळे. आमच्याकडे स्मशानभूमीच्या रस्त्याचा ठराव झालेला आहे. कोणत्या समाजाच्या स्मशानभूमीचा रस्ता व्हायचा राहिला आहे, हे मी लिहायची गरज नाही. वाचणाऱ्याला आपल्या गावचं उत्तर माहीत असतं.

९. नगरसेवक नसले तरी गाव चालतं, हे पाहून मी हबकलो. घटना सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. आमच्या सदस्यांची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. मार्च २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणासाठी तीन कसोट्या बंधनकारक केल्या होत्या: स्वतंत्र आयोगामार्फत पाहणी, त्या त्या संस्थेनुसार प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. मग त्या पाहणीसाठी बांठिया आयोग, त्याचा अहवाल, याचिका. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या, तेव्हा कुठे चाकं फिरली. मतदान झालं २ डिसेंबर २०२५ ला आणि मतमोजणी २१ डिसेंबरला. मधला सगळा काळ प्रशासकाचा.

त्या काळात पाणी येत होतं, कचरा उचलला जात होता. किंबहुना काही रस्ते लवकर झाले, कारण अडवायला कुणी नव्हतं. "बरं चाललंय की," असं बाजारात ऐकू यायचं, आणि सांगणारे काही चुकीचं सांगत नव्हते. पण मी ज्या कारणासाठी सभागृहात जायचो तेच उरलं नाही. सभा नाही, म्हणून प्रश्न नाही. प्रशासक म्हणून बसलेला अधिकारी स्वतःच ठराव करतो आणि स्वतःच मंजूर करतो. इतिवृत्तात मतभेदाची एक ओळ सापडत नाही. पूर्वी सकाळी सहाला नगरसेवकाचं दार वाजवून "नळाला पाणी नाही" असं ओरडता यायचं. त्या काळात अर्ज लिहून आवक खिडकीवर द्यावा लागे. ज्याला लिहिता येतं, ज्याला रोजंदारी बुडवून दुपारी कार्यालयात जाता येतं, त्याचंच काम व्हायला लागलं. प्रशासकाचा कारभार वाईट होता असं मी म्हणत नाही. तो कुणाचाच नव्हता, म्हणून तो गरिबाचाही नव्हता. अठराव्या वर्षी यादीत नाव लागलेल्या मुलामुलींना नगरपालिकेसाठी पहिलं मत द्यायला बाविशी ओलांडावी लागली, हे मला फार लागलं.

१०. शहर होताना गाव काय गमावतं, ते जाहीरनाम्यात नसतं. बहिणीच्या गावी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. १७ प्रभाग, १७ सदस्य, अध्यक्ष, मुख्याधिकारी. वेशीवर नवी कमान. लोक खूश होते आणि ते रास्तच होतं, कारण नगरविकासाचा निधी मोठा असतो. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठीचं मत गेलं, ते कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. ग्रामसभा गेली, ते मात्र बहिणीला पहिल्याच वर्षी जाणवलं. ग्रामसभेत गोंधळ असायचा, कोरम नसायचा, तरी सरपंचाला समोर उभं करून हिशेब विचारायचा कायदेशीर हक्क प्रत्येक मतदाराला होता. नगरपंचायतीत नागरिकाने सभेला फार तर प्रेक्षक म्हणून बसायचं. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख आणि त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. महाराष्ट्राच्या नगरविषयक कायद्यांत २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद आली, पण आमच्या भागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही.

म्हणून आम्ही प्रभाग चारचे काही जण विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बसायला लागलो आहोत. याला कायद्याचं बळ नाही, हे सगळ्यांना सांगून टाकलं आहे. नव्याने निवडून आलेले आमचे दोन्ही सदस्य बोलावलं की येतात. एकमेकांच्या विरुद्ध पक्षातले असूनही शेजारी बसतात. इतिवृत्त मी लिहितो, एक प्रत आवक खिडकीवर देऊन शिक्का घेतो. पथदिव्यांचा विषय सुटला. शाळेसमोरच्या गतिरोधकाला बांधकाम विभागाने होकार दिला आहे. ओढ्यावरच्या फरशी पुलाची उंची वाढवायचा अंदाजपत्रकी खर्च आम्ही लेखी मागितला आहे. तो आला की दोन्ही सदस्यांनी मिळून सर्वसाधारण सभेत विषय मांडायचा, असं ठरलं आहे. विषयपत्रिकेत क्रमांक घालून. ऐनवेळचा नाही.